बीसीएम खरंच गेलंय का? पावसात बिघडलेल्या एसयूव्हीबद्दल सविस्तर उत्तर

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागातून आलेली विचारणा थोडक्यात अशी. २०१८ ची डिझेल एसयूव्ही आहे आणि ती घरासमोर फणसाखाली उभी असते. यंदाचा पाऊस लागल्यापासून वायपर आपोआप फिरतो, सेंट्रल लॉक मध्येच टकटक करतं आणि डाव्या बाजूचा इंडिकेटर घाईघाईनं मारतो. दोन रात्री गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. कधी कधी मीटरमध्ये किल्लीचं चिन्ह लुकलुकतं आणि गाडी सुरूच होत नाही. पुढे एलईडी बार बाहेरून बसवून घेतलेला आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तर यू ०१४० हा कोड आला, म्हणून बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, वायपर, लॉक चालवणारा गाडीतला छोटा कॉम्प्युटर) गेलं असं सांगितलं. कोल्हापूरच्या जुन्या बाजारात तसंच दिसणारं वापरलेलं मॉड्यूल स्वस्तात मिळतंय. ते घेऊन टाकू का?

आत्ता घेऊ नका. सांगितलेल्या लक्षणांपैकी एकही लक्षण बीसीएम गेल्याचा पुरावा नाही. पाणी, खराब अर्थ (अर्थिंग, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) आणि बाहेरून जोडलेली वायर या तिघांमुळे ही सगळी लक्षणं दिसू शकतात. तसं असेल तर नवीन मॉड्यूलही त्याच ओल्या जागी, त्याच गंजक्या अर्थवर बसेल आणि पुढच्या पावसापर्यंतही टिकणार नाही. शिवाय वापरलेलं मॉड्यूल नुसतं कपलर (वायरींचा जोड) लावून चालत नाही. त्यात दुसऱ्या गाडीचा चासी नंबर, दुसऱ्या किल्ल्या आणि दुसरं कोडिंग (गाडीत कोणत्या सोयी आहेत त्याची नोंद) असतं. तेव्हा आधी दोष पक्का करा. तो बीसीएममध्येच निघाला तर जुनं मॉड्यूल काढण्यापूर्वी त्यातली माहिती वाचून ठेवा. हा क्रम उलटा झाला की खर्च दुप्पट होतो.

कोड काय सांगतो ते नीट समजून घ्या. यू ०१४० हा कोड बीसीएम स्वतः टाकत नाही, तो इंजिनचं मॉड्यूल, एबीएस किंवा मीटर टाकतं. ‘बीसीएमकडून मला काही ऐकू आलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ. समोरच्याचा फोन लागत नाही म्हणून त्याचा फोन फुटला असं आपण म्हणत नाही, रेंज गेली असेल किंवा चार्जिंग संपलं असेल. इथेही बीसीएमचा सप्लाय तुटला, अर्थ सुटली किंवा कॅनची (मॉड्यूलं एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याची) वायर खराब झाली, तरी तोच कोड येतो. बॅटरी दोनदा बसलेली गाडी तर स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळल्यामुळेही असे कोड साठवून ठेवते. म्हणून सगळे कोड लिहून घ्या, पुसा, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि मग पुन्हा कोणते येतात ते बघा.

बॅटरीपासून सुरुवात करायची ती याचसाठी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती जेमतेम अर्धी उरली. स्टार्टर फिरत असताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ च्या दरम्यान मिळायला हवं. इंजिन तसंच चालू ठेवून, मल्टीमीटर एसी व्होल्टवर लावून बॅटरीच्या टोकांवर मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अल्टरनेटरचा डायोड संशयित, आणि त्या लहरींनी मॉड्यूलं विचित्र वागतात. बॅटरी शेवटच्या घटकेला आलेली असेल तर आधी ती बदला. कमजोर बॅटरीवर घेतलेल्या पुढच्या कुठल्याही मोजणीवर विश्वास ठेवता येत नाही.

आता पाणी. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबी-चोर्ला पट्ट्यात गाडी महिनोन्‌महिने भिजते, आणि झाडाखाली उभी असेल तर पुढच्या काचेखालच्या जाळीत पानं, मोहोर आणि लाल माती मिळून चिखलाचा थर बसतो. त्या जाळीखाली पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना भोकं असतात. ती बुजली की जाळीखालच्या पन्हाळीत पाणी तुंबतं आणि एसीच्या हवेच्या तोंडातून किंवा वायरिंगच्या रबरी बुचातून आत शिरतं. बऱ्याच एसयूव्हींमध्ये बीसीएम डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगच्या बाजूला फ्यूज बॉक्सच्या मागे किंवा पायाजवळच्या बाजूच्या आवरणाआड असतं. पाणी उतरतं तेही नेमकं तिथेच.

मॅट उचलून वरून हात लावू नका. वरचा गालिचा कोरडा असतो आणि खालचा फोम पाण्यानं भरलेला असतो. बाजूची पट्टी काढून फोम मुठीत दाबा. तो ओला निघाला तर पाणी कुठून येतं ते शोधा. एकजण आत टॉर्च घेऊन बसेल आणि दुसरा बाहेरून साध्या पाईपनं, जोर न लावता पाणी सोडेल. खालून वर जायचं: आधी दाराचा खालचा भाग, मग काचेखालची जाळी, मग काचेची कड, शेवटी छप्पर. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबा, कारण पाणी आतून फिरून यायला वेळ घेतं. सनरूफ असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांतल्या नळ्या तपासा, पुढच्या दोन काचेच्या बाजूच्या खांबातून खाली उतरतात. काच कधी बदललेली असेल तर तिचं सीलंट बघा. आतलं पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर ते पावसाचं नाही, हीटरमधून कूलंट गळतंय.

तुमच्या गाडीत एक जागा सर्वात आधी बघा, ती म्हणजे एलईडी बारची वायर आत कुठून आणली ती. कामाच्या घाईत फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) मुख्य रबरी बुचाला पेचकसनं भोक पाडतात, त्यातून वायर ओढतात आणि भोक तसंच उघडं राहतं. पुढे पाणी त्या वायरला धरून थेंबाथेंबानं आत येतं. वायर जिथे खाली वळते तिथे थेंब गळतो, आणि वायर उताराला सरळ कपलरपर्यंत जात असेल तर तो कपलरमध्येच उतरतो. एका टोकाला हिरवा पडलेला तांब्याचा तार, आवरण कापलं तर वीतभर आतपर्यंत काळपट हिरवा निघतो, कारण तारांच्या मधून पाणी वर चढतं. तेवढी सगळी वायर कापून नवी जोडावी लागते. टोक खरवडून भागत नाही.

फोम ओला सापडला तर सीटा काढून गालिचा उचला आणि पूर्ण वाळवा. त्याआधी पुढच्या इलेक्ट्रिकल तपासणीला बसू नका.

सप्लाय आणि अर्थ

बहुतेक गाड्यांत बीसीएमला एकच सप्लाय नसतो. लाईटला वेगळा, लॉकला वेगळा, वायपरला वेगळा, आतल्या प्रोसेसरला वेगळा असे चार-पाच फ्यूज असतात, आणि अर्थही दोन-तीन असतात. वायरिंग डायग्राम मिळवल्याशिवाय हे काम करू नका. अंदाजानं वायरींना टेस्ट लॅम्प टोचत गेलं तर आवरणाला पडलेल्या भोकांतून पुढच्या पावसात नवीन गंज सुरू होतो.

मोजताना नेहमीची चूक म्हणजे नुसता मल्टीमीटर लावून ‘बारा व्होल्ट आहेत’ म्हणणं. एकाच केसावर लटकलेली वायरसुद्धा मल्टीमीटरला पूर्ण बारा व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ करंटच घेत नाही. म्हणून कपलर काढून त्या सप्लायच्या आणि अर्थच्या पिनमध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावा. तो पूर्ण प्रकाशानं पेटला तरच सप्लाय चांगला. कपलरच्या पिनच्या तोंडात मीटरची जाड सुई घुसवू नका, पिन फाकते आणि मग खरोखरच नवीन दोष तयार होतो. मागच्या बाजूनं, वायरला लागून बारीक पिन सरकवून मोजा.

अर्थची तपासणी लोड चालू ठेवून करा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं बीसीएमच्या अर्थ पिनवर. हेडलाईट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर आणि वायपर चालू करा. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.२ च्या वर गेलं तर ती अर्थ दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नका. अर्थ अर्धवट सुटली की करंट परतायला दुसरी वाट शोधतो, कुठल्या तरी बल्बमधून, मोटरमधून किंवा शेजारच्या सर्किटमधून. तेव्हाच इंडिकेटर लावला की वायपर हलतो, ब्रेक दाबला की लॉक टकटकतं. असलं एकात एक मिसळलेलं लक्षण दिसलं की मॉड्यूलच्या आधी अर्थकडे बोट दाखवावं.

अर्थचा बोल्ट बहुतेक वेळा पायाजवळच्या पत्र्यावरच असतो. तो खोला, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट करा आणि मग वरून गंजरोधक लावा. आधी ग्रीस फासून मग बोल्ट आवळायची पद्धत चुकीची.

डाव्या इंडिकेटरचं सोडवणं सोपं आहे. बीसीएम इंडिकेटरला जाणारा करंट मोजतं. २१ वॅटच्या बल्बला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट लागतो. बल्ब उडाला, टेललॅम्पची अर्थ गंजली किंवा तिथे कमी वॅटचा एलईडी टाकला, की बीसीएमला बल्ब गेला असं वाटतं आणि ते जलद मारून चालकाला कळवतं. मॉड्यूल इथे आपलं काम बरोबर करतंय.

स्कॅनरला बीसीएम सापडत नसेल तरच कॅनकडे वळा. बॅटरी सोडा आणि ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर जिथे लावतात त्याच्या) ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, म्हणून मिळून ६० यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलेलं आहे. जवळजवळ शून्य आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. बॅटरी जोडून, चावी चालू करून मोजलं तर दोन्ही वायरी अडीच व्होल्टच्या आसपास असतात, कॅन-हाय किंचित वर आणि कॅन-लो किंचित खाली. काही गाड्यांत ओबीडी आणि बीसीएमच्या मध्ये गेटवे (दोन जाळी जोडणारं मॉड्यूल) असतो. तिथे सॉकेटवरचे ६० ओहम बीसीएमच्या वायरींबद्दल काहीच सांगत नाहीत, डायग्राम बघून त्या जाळ्यावरच मोजावं लागतं. उसाच्या पट्ट्यात, चिक्कोडी-अथणी-रायबागकडे, शेतं मोकळी झाली की उंदीर गाड्यांत शिरतात आणि वायरिंग कुरतडतात. तिथे हा दोष नेहमी डोक्यात ठेवावा.

बीसीएम स्कॅनरशी बोलत असेल तर निकाल लावणारी तपासणी तुमच्या हातात आहे. लाईव्ह डेटात वायपर स्विचची स्थिती उघडा. दांडी बंद असताना डेटात ‘चालू’ दिसत असेल तर दोष स्विचमध्ये, त्याच्या वायरीत किंवा पाऊस ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये आहे, बीसीएम मिळालेला हुकूम पाळतंय. डेटात ‘बंद’ दिसतंय आणि बीसीएमच्या आउटपुट पिनवर तरीही बारा व्होल्ट येत असतील, तर आतला रिले (करंट चालू-बंद करणारा स्विच) चिकटला किंवा ड्रायव्हर (तेच काम करणारी चिप) जळाला. उलट बाजूनंही करा. स्कॅनरवरून हॉर्न, लॉक, इंडिकेटर असे एकेक आउटपुट चालवा आणि पिनवर मोजा. सप्लाय, अर्थ आणि इनपुट बरोबर असूनही आउटपुट चुकीचं असेल, तर तेव्हा आणि तेव्हाच मॉड्यूल खराब म्हणायचं. या तपासणीआधी एलईडी बार, बाहेरचा अलार्म, जीपीएस, जादा फॉग हे सगळं मुळापासून सोडून ठेवा. नुसतं स्विच बंद करून चालत नाही.

बॅटरी उतरण्याचं गणित वेगळं बघावं लागतं. बॉनेटचं आणि दाराचं कुलूप पेचकसनं बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला दारं लागली असं वाटेल. किल्ली गाडीपासून लांब ठेवा. निगेटिव्ह केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावा आणि ३० ते ४५ मिनिटं थांबा. सगळी मॉड्यूलं झोपल्यावर करंट साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवा. जास्त असेल तर फ्यूज उपटत बसू नका, फ्यूज काढ-घाल केल्यानं मॉड्यूल पुन्हा जागं होतं. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवरच्या दोन टोकांवर मिलीव्होल्ट मोजा. जिथे काही आकडा येईल, त्या वाटेनं करंट जातोय. तो बीसीएमचा फ्यूज निघाला तरी लगेच बीसीएमला दोष देऊ नका. ओल्या दाराच्या कुलपातला स्विच ‘दार उघडं’ असं सतत सांगत असेल तर बीसीएम झोपेल कसं?

मॉड्यूल खरंच खराब निघालं तर

आधी विचारा, का जळालं? हेडलाईटचा एच ४ प्रकारचा मूळ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो आणि हाय बीमला पाच अँपिअर घेतो. त्याच वायरीवर १०० वॅटचा टाकला की आठच्या वर जातो. आतला ड्रायव्हर काही काळ सोसतो आणि मग जातो. एलईडी बारचा हुकूम हेडलाईटच्या वायरीवरून घेतलेला असेल आणि रिले नसेल तरी तेच. नवीन मॉड्यूल लावण्याआधी जळालेल्या आउटपुटच्या वायरीला फ्यूज लावलेल्या तारेनं बॅटरीतून थेट सप्लाय द्या आणि करंट मोजा. तो अपेक्षेपेक्षा जास्त निघाला तर मोटर किंवा वायर आधी दुरुस्त करा. एवढी पाच मिनिटं वाचवली तर नवीन मॉड्यूल पहिल्याच दिवशी त्याच जागी जळतं.

मग तीन वाटा उरतात: आहे ते दुरुस्त करणं, नवीन घेणं, वापरलेलं घेणं. माझा कल शक्य तिथे दुरुस्तीकडे आहे, कारण मूळ मॉड्यूलमध्ये तुमच्या गाडीची ओळख आधीच असते आणि किल्ल्यांना हात लावावा लागत नाही. चिकटलेला रिले, कपलरच्या पायाशी तडकलेलं सोल्डर, पाण्यानं आलेला हिरवा-पांढरा थर, एखादा जळालेला ड्रायव्हर हे सगळं चांगल्या इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याच्या हातात बरं होतं. बोर्ड ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशनं धुवावा, ५० ते ६० अंशांवर काही तास वाळवावा, दुरुस्तीनंतर त्यावर संरक्षक लेप द्यावा. तांदळाच्या डब्यात पुरून काही होत नाही. आतला गंज वाळल्यावरही चालू राहतो. प्रोसेसरच्या पायांखाली गंज शिरला असेल किंवा तांब्याच्या रेषा खाल्ल्या गेल्या असतील तर दुरुस्तीवर पैसे घालू नका.

नवीन घेताना चासी नंबर देऊन मागवा. पार्ट नंबरच्या शेवटची अक्षरंसुद्धा जुळायला हवीत. बाहेरून हुबेहूब तीच पेटी असते, पण एकीत रेन सेन्सरची किंवा फॉगची सोय असते आणि दुसरीत नसते. चुकीचं व्हेरिएंट लावलं की गाडी सुरू होते, पण एखादी काच चालत नाही नाहीतर मीटर कायम कोड दाखवतं.

वापरलेल्याबद्दल आपल्या भागातल्या लोकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठावर, कोल्हापूरपासून निपाणी-चिक्कोडीपर्यंत पाणी आलं होतं. पुरात बुडालेल्या गाडीचं मॉड्यूल बाहेरून पुसून चकचकीत करता येतं. घेण्याआधी पेटी उघडायला सांगा. आतल्या कोपऱ्यात गाळाची बारीक रेघ, स्क्रूच्या डोक्यावर गंज, पिनांच्या मुळाशी काळपटपणा, फुगलेलं लेबल, यातलं एक जरी दिसलं तरी परत द्या. उघडू देत नसेल तर घेऊच नका. चांगलं निघालं तरी त्याला तुमच्या गाडीचं करावं लागतं. काही मॉडेलांत स्कॅनरनं जुना चासी नंबर पुसता येतो. काहींत एकदा लिहिलेला नंबर पुसला जातच नाही, आणि मग जुन्या मॉड्यूलची मेमरी वाचून या मॉड्यूलमध्ये उतरवणं हाच मार्ग राहतो. तुमच्या मॉडेलला यातलं कोणतं लागू आहे, हे काम करणाऱ्याकडून पैसे देण्याआधी विचारून घ्या. काही गाड्यांत किलोमीटरची नोंदही बीसीएममध्ये असते. ती मीटरशी जुळली नाही तर पुढे गाडी विकताना तुमच्यावरच संशय येतो.

बदलण्याचं काम

जुनं मॉड्यूल बोलत असेल तर आधी त्यातून सगळं काढून घ्या. पूर्ण गाडीचा स्कॅन, बीसीएमचं व्हेरिएंट कोडिंग, सॉफ्टवेअर आणि हार्डवेअर नंबर, चासी नंबर, मीटरवरचे किलोमीटर. कोडिंगच्या पानांचे फोटो काढून ठेवा. घरातल्या सगळ्या किल्ल्या सोबत न्या. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) शिकवताना हजर नसलेली किल्ली बऱ्याच गाड्यांत रद्द होते, आणि दुसरी किल्ली पुण्याला मुलाकडे राहिली म्हणून नंतर वेगळा खर्च पडतो.

चावी बंद करा, ड्रायव्हरची काच खाली ठेवा, बॉनेट उघडं ठेवा, किल्ली खिशात ठेवा आणि मग बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडा. काच वर राहिली आणि लॉक पडलं तर आत जाता येत नाही. एअरबॅगचे पिवळे कपलर याच भागात असतात, म्हणून केबल सोडल्यावर निदान दहा मिनिटं थांबा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये जास्त दिलं असेल तर तेवढं. पिवळ्या कपलरना मीटर लावायचा नाही. फोटो काढा आणि कपलरचं लिव्हर पूर्ण उघडून सरळ ओढा. वायरी धरून ओढायचं नाही. हिरव्या झालेल्या पिना नुसत्या स्प्रे मारून परत लावू नका, त्या बदला. सोनेरी किंवा कथिलाचा मुलामा असलेल्या पिना पॉलिश पेपरनं घासल्या तर मुलामा जातो आणि गंज आणखी लवकर येतो. नवीन मॉड्यूल बसवताना त्याच्याकडे येणाऱ्या वायरी आधी खाली जाऊन मग वर येतील असा झोल ठेवा, म्हणजे पाणी आलंच तर थेंब झोलाच्या तळाशी गळेल.

प्रोग्रॅमिंगला बसताना व्होल्टेज हा सर्वात मोठा शत्रू. तासभर चावी चालू राहते, पंखे फिरतात, बॅटरी उतरते, आणि लिहिता लिहिता व्होल्टेज पडलं तर नवीन मॉड्यूल तिथेच निकामी होऊ शकतं. १३.५ व्होल्टच्या आसपास स्थिर ठेवणारा, निदान ३० अँपिअरचा पॉवर सप्लाय लावा. साधा बॅटरी चार्जर चालत नाही, त्याच्यात लहरी असतात. पावसाळ्यात वीज जाणार हे धरून तो सप्लाय दमदार इन्व्हर्टरवर ठेवा आणि लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या. ज्या गाड्यांना कंपनीच्या सर्व्हरवरून ऑनलाईन कोडिंग लागतं, त्यांचं काम चांगलं नेटवर्क असलेल्या जागीच करा. जांबोटीच्या अंगणात मोबाईलच्या एका काडीवर ते सुरू करू नका, गाडी टो करून बेळगावात आणलेली परवडते. लिहिणं चालू असताना दार उघडायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही, हेडलाईट आणि ब्लोअर बंद.

क्रम साधारण असा असतो: चासी नंबर, सॉफ्टवेअर, व्हेरिएंट कोडिंग, मग इमोबिलायझर आणि किल्ल्या. त्यासाठी गाडीचा सुरक्षा पिन लागतो आणि तो गाडीची कागदपत्रं दाखवून अधिकृत सेवा केंद्रातून मिळतो. शेवटी काचांचं ऑटो अप-डाऊन, सनरूफ आणि गाडी मागत असेल तर स्टिअरिंग सेन्सर पुन्हा शिकवायचा.

नंतर प्रत्येक गोष्ट एकदा हातानं चालवून बघा: चारही दारं, डिकी, प्रत्येक किल्लीनं स्टार्ट, दोन्ही बाजूचे इंडिकेटर, वायपरच्या सगळ्या गती, हॉर्न, आतले दिवे. कोड पुसून पुन्हा पूर्ण स्कॅन घ्या. झोपेतला करंट परत मोजा, आणि काचेवर पुन्हा पाईपनं पाणी सोडा. पाणी अजून आत येत असेल तर काम अजून संपलेलं नाही.

ट्रकवाल्यांसाठी

याच प्रश्नाला धरून उसाच्या आणि मालाच्या ट्रकबद्दलही थोडं सांगायला हवं. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे प्रदूषणाचं मानक लागू झालं आणि ट्रकमध्येही मॉड्यूलांची संख्या वाढली. मोजण्याची पद्धत वरचीच, फक्त २४ व्होल्टच्या ट्रकमध्ये बॅटरीचे आकडे दुप्पट: दोन बॅटऱ्या मिळून भरलेल्या असताना २५.२ च्या आसपास, चार्जिंगला २७ ते २८.८. टेपसाठी किंवा पंख्यासाठी एकाच बॅटरीतून बारा व्होल्ट काढलेले असतील तर ती बॅटरी कायम अर्धवट राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. त्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा.

हंगामाआधी बॉडीला आणि हुकाला वेल्डिंग होतं, आणि मॉड्यूलं जळण्याचं ते मोठं कारण आहे. बॅटरीच्या दोन्ही केबल सोडा, इंजिनच्या आणि बॉडीच्या मॉड्यूलांचे कपलर काढा, आणि वेल्डिंगची अर्थ जिथे सांधा मारायचा तिथेच, वीतभर अंतरावर लावा. चासीच्या दुसऱ्या टोकाला अर्थ लावली तर वेल्डिंगचा करंट मधल्या सगळ्या वायरिंगमधून वाट काढतो. ट्रॉलीच्या दिव्यांचं सॉकेट टेललॅम्पच्या वायरी कापून जोडू नका, वेगळा फ्यूज आणि रिले देऊन जोडा. आणि चावी बंद केल्या केल्या मेन कट-ऑफ (बॅटरीचा मुख्य स्विच) खाली पाडू नका. मॉड्यूलं त्या वेळी आपली नोंद लिहीत असतात, धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाची लाईनही रिकामी होत असते. दोन मिनिटं द्या, कट-ऑफजवळ दिवा असेल तर तो विझेपर्यंत थांबा.

बिलाबद्दल एवढंच: मॉड्यूलचा पूर्ण पार्ट नंबर, नवीन की वापरलेलं, कोडिंगची मजुरी वेगळी, किती किल्ल्या शिकवल्या आणि वॉरंटी किती दिवसांची, हे कागदावर लिहून घ्या. जुनं मॉड्यूल गॅरेजमध्ये सोडू नका. नवीन कधी बिघडलं तर तुमच्या गाडीचा मूळ डेटा त्याच पेटीत असतो.